मोटारसायकलच्या इंजिनातील ऑइलची पातळी: नेमकी कशी मोजावी आणि कुठवर ठेवावी

सोलापुरातल्या बहुतेक गॅरेजांत ऑइल बदलण्याची रीत ठरून गेलेली आहे. इंजिनाखालचा नट काढून जुने ऑइल ट्रेमध्ये सोडतात, नट पुन्हा आवळतात, नव्या ऑइलची बाटली नरसाळ्यावर उपडी धरतात आणि ती रिकामी झाली की टोपण लावून गाडी मालकाच्या हवाली करतात. या सगळ्या कामात पातळी मोजण्याची पायरी बहुधा येतच नाही. बाटलीवर लिहिलेले ९०० मिली किंवा एक लिटर हे विक्रीचे माप आहे. आपल्या इंजिनाला लागणारे माप गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते जागेवर पोहोचले की नाही हे डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलच्या टोपणाला जोडलेल्या मापाच्या पट्टीवरच्या, दोन खुणा (खालची किमान आणि वरची कमाल पातळीची) किंवा इंजिनाच्या बाजूची काच सांगते. हे माप स्वतः पाहता येणे प्रत्येक गाडीमालकाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी एक स्वच्छ फडके, सपाट जागा आणि दहा मिनिटे पुरतात. मात्र ते ज्या क्रमाने करायचे तो क्रम चुकला, तर डिपस्टिक खोटे बोलते, आणि त्या खोट्या मापावर विश्वास ठेवून ओतलेले ऑइल इंजिनाला उपयोगाऐवजी त्रास देते.

मोटारसायकलमध्ये या बाबीला इतके महत्त्व का आहे, हे आधी पाहू. मोटारीच्या इंजिनात साधारण तीन-चार लिटर ऑइल असते आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. आपल्याकडच्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांत सगळे मिळून जेमतेम एक लिटर ऑइल असते, आणि तेच ऑइल पिस्टन, त्याच्या हालचालीने फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, हेडमधला (इंजिनाच्या माथ्यावरच्या भागातला) व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, गिअर आणि क्लच प्लेट या सर्वांना पुरवले जाते. साडेतीनशे सीसीच्या बुलेटमध्ये ते दोन लिटरच्या आसपास भरते, पण तेथेही काम तेवढेच वाटून घेतलेले असते. लिटरभर ऑइल असलेल्या इंजिनात २०० मिली कमी असणे म्हणजे एकूण ऑइलचा पाचवा हिस्सा कमी असणे होय. मोटारीत तेवढी तूट सहज खपून जाईल. येथे ती खपत नाही.

ऑइल कमी झाले की काय होते ते समजण्यासाठी इंजिनाच्या तळाकडे पाहावे लागते. ऑइल पंप तळातल्या जाळीतून ऑइल ओढून वर पाठवतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली गेलेली असताना जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी वळणावर कलली, तर ऑइल एका बाजूला सरकते, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. पंपापासून सर्वांत दूर असलेला भाग म्हणजे हेड, त्यामुळे कॅम आणि त्याची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारा रॉकर यांना पहिला फटका बसतो. टॅपेटचा, म्हणजे याच भागांच्या टकटकीचा, आवाज वाढणे हे त्याचे लक्षण असते. पुढे पिस्टन धरेपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होईपर्यंत, मजल जाऊ शकते. शिवाय हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात उष्णतेचा मोठा वाटा ऑइलच वाहून नेत असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असताना, दुपारी पुणे महामार्गावर तासभर एकाच वेगाने चाललेल्या गाडीत जर ऑइलच कमी असेल, तर आहे तेवढ्यालाच अधिक फेरे मारावे लागतात, ते अधिक तापते आणि लवकर निकामी होते.

ऑइल जास्त झाल्याने होणारे नुकसान मात्र फारसे कोणी मनावर घेत नाही. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज सर्वत्र आढळतो, आणि माझ्या मते कमी ऑइलइतकाच तोही इंजिनाच्या मुळावर येतो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेली की मिनिटाला काही हजार फेरे घेणारा क्रँक ऑइलमध्ये बुडून फिरू लागतो आणि ताकात रवी फिरावी तसा ते घुसळतो. ऑइलला फेस येतो. फेसातल्या हवेमुळे दोन धातूंच्या मधला ऑइलचा थर तुटतो, म्हणजे ऑइल भरपूर असूनही वंगण अपुरे पडते. इंजिनाच्या पोटातला दाब वाढून ब्रीदर पाइपमधून (तो दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलचे थेंब एअर फिल्टरच्या डब्यात जातात, फिल्टर ओला होतो, गाडी जड ओढते, अॅव्हरेज पडते आणि सायलेन्सरमधून धूर दिसू लागतो. सील कमकुवत असतील, तर तेथून गळतीही सुरू होते. अशी गाडी गॅरेजला गेली की धुराचे कारण पिस्टन-रिंग आहे असे समजून इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते, आणि खरे कारण फक्त दीड-दोनशे मिली जादा ऑइल असते. म्हणून धूर दिसला की इंजिन उघडण्याआधी पातळी मोजावी, एवढा आग्रह मालकाने जरूर धरावा.

मोजण्यापूर्वीची तयारी

पहिली गोष्ट जागेची. घरासमोरचे अंगण, ओटा किंवा मोरीकडे उतार दिलेली शहाबादी फरशी डोळ्यांना सपाट वाटते, पण पाणी वाहून जावे म्हणून तिला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. रस्त्याचा कडेचा भागही गटाराकडे उतरता असतो. जागा खरोखर सपाट आहे का हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे तेथे तांब्याभर पाणी ओतणे. ते एकाच दिशेला पळाले, तर जागा बदलावी. इमारतीचे वाहनतळ, दुकानाची आतली फरशी किंवा घरातला पोर्च यांपैकी काहीतरी बहुधा योग्य सापडते.

दुसरी गोष्ट स्टँडची, आणि सर्वांत जास्त चुका येथेच होतात. गाडी साइड स्टँडवर असेल, तर ती डावीकडे कलते. कित्येक गाड्यांत ऑइल भरण्याचे तोंड आणि डिपस्टिक इंजिनाच्या उजव्या बाजूला असते. गाडी डावीकडे कलली की ऑइलही डावीकडे सरकते, उजव्या बाजूची पातळी खाली जाते आणि डिपस्टिक प्रत्यक्षापेक्षा कमी ऑइल दाखवते. ते पाहून मालक वरून ऑइल ओततो, आणि गाडी सरळ उभी केल्यावर पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली असते. म्हणून गाडी नेहमी डबल स्टँडवर उभी करून मोजावे. ज्या गाड्यांना डबल स्टँडच नाही, त्या दुसऱ्या माणसाने हँडल सरळ धरून, दोन्ही चाके जमिनीला टेकलेली ठेवून उभ्या धराव्यात. एकट्याने गाडी गुडघ्याने तोलून डिपस्टिक पाहण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात माप चुकते आणि गाडी पायावर पडण्याचा धोका राहतो.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या तापमानाची. बहुतेक पुस्तिकांत इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालवावे, बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबून मग मोजावे असे सांगितलेले असते. या दोन्ही वेळांना कारण आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा बराच भाग हेडमध्ये, क्लचच्या कव्हरमध्ये आणि आतल्या बारीक वाटांमध्ये अडकलेला असतो. बंद केल्यावर तो हळूहळू तळाशी उतरतो. गाडी बंद करताच डिपस्टिक काढली, तर ऑइल कमी दिसते. उलट रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सगळे ऑइल खाली उतरलेले असते, त्यामुळे पुस्तिकेने गरम इंजिनावर मोजायला सांगितले असताना सकाळी थंड गाडीवर घेतलेले माप त्याच्याशी जुळत नाही. त्यातच ऑइल तापल्यावर फुगते: एक लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले, तर त्याचे आकारमान सुमारे ४० मिलीने वाढते. फुगण्याचा आणि वर अडकून राहण्याचा परिणाम परस्परविरुद्ध असल्याने मनाने हिशेब करण्यात अर्थ नाही. पुस्तिकेने जी स्थिती सांगितली आहे, त्याच स्थितीत दर वेळी मोजावे. लांबच्या प्रवासावरून आल्या आल्या मात्र मोजू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेव्हा इंजिनाचे कव्हर हात भाजण्याइतके तापलेले असते आणि ऑइल त्याहून गरम असते. गाडी थोडी निवू द्यावी आणि नंतर पुन्हा तीन मिनिटे चालवून मोजावे.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेट मोटारसायकली अजूनही आपल्याकडे हौसेने सांभाळलेल्या दिसतात. त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू करू नये. त्यांत ऑइलचा कप्पा वेगळा असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर कप्प्यातले ऑइल झिरपून क्रँकच्या बाजूला उतरते. अशा गाडीत थंड स्थितीत डिपस्टिक रिकामी दिसली, तरी ऑइल इंजिनातच असते. आधी इंजिन चालवून ते कप्प्यात परत येऊ द्यावे आणि मगच मोजावे. नाहीतर वरून ओतलेले सगळे ऑइल जादा ठरते.

डिपस्टिक वाचणे

डिपस्टिकच्या टोपणाभोवतीची धूळ ते उघडण्यापूर्वी पुसून घ्यावी. आपल्या शहरात धूळ कमी नाही, आणि टोपण फिरवताना तिचे कण सरळ इंजिनात पडू शकतात. टोपण काढल्यावर डिपस्टिक कोरड्या फडक्याने पुसावी. फडक्याबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगणे आवश्यक आहे. यंत्रमागांवरचे सुताचे वेस्ट येथे स्वस्त आणि मुबलक मिळते, आणि गॅरेजांत हात पुसायला तेच वापरतात. हात पुसायला ते उत्तमच आहे; पण डिपस्टिकला किंवा ऑइलच्या तोंडाला ते लावू नये, कारण त्याचे धागे चिकटून आत जातात आणि पंपाच्या जाळीवर साठतात. टॉवेलच्या तुकड्याचेही तेच, कारण त्याचे फासे सुटतात. अनेक वेळा धुतलेल्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा या कामाला सर्वांत चांगला.

आता सर्वांत मोक्याचा प्रश्न येतो: पुसलेली डिपस्टिक आत घातल्यावर तिचे आटे फिरवून बसवायचे, की नुसती टेकवायची? याचे एकच उत्तर सर्व गाड्यांना लागू नाही. कित्येक लहान गाड्यांत ती आटे न फिरवता फक्त टेकवून मोजायची असते. इतर काही गाड्यांत पूर्ण फिरवून मग काढायची असते. आटे फिरवल्यास डिपस्टिक तेवढ्या उंचीने खोल जाते. त्यामुळे टेकवून मोजण्याची डिपस्टिक फिरवून मोजली, तर ऑइल जास्त दिसते आणि गाडी प्रत्यक्षात कमी ऑइलवर धावत राहते. फिरवून मोजण्याची डिपस्टिक नुसती टेकवली, तर ऑइल कमी दिसते आणि मालक विनाकारण भर घालतो. आपल्या गाडीची पद्धत पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ती मिळते; गाडीचे मॉडेल आणि वर्ष नीट पाहून घ्यावे, कारण त्याच नावाच्या गाडीचे इंजिन मधल्या काळात बदललेले असू शकते. शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

येथवर सांगितलेल्या चुका एकत्र पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. साइड स्टँडवर मोजणे, इंजिन बंद करताच मोजणे आणि फिरवायची डिपस्टिक टेकवणे या तिन्ही चुका ऑइल कमी असल्याचे दाखवतात. म्हणजे घाईने मोजणाऱ्याच्या हातून बहुधा ऑइल जास्तच भरले जाते. म्हणून डिपस्टिकने ‘कमी’ म्हटले की लगेच बाटली उचलू नये. जागा, स्टँड, वेळ आणि आटे या चारही गोष्टी पुन्हा तपासून दुसऱ्यांदा मोजावे, आणि दोन्ही मापे जुळली तरच ओतावे.

डिपस्टिक बाहेर काढल्यावर ती आडवी धरून ऑइलची रेघ कोठे आहे ते पाहावे. उभी धरली, तर ऑइल ओघळून रेघ बदलते. एका बाजूला रेघ वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसत असेल, तर खालची खरी मानावी, कारण काढताना तोंडाच्या कडेला लागून वरची बाजू माखलेली असते. नवे ऑइल इतके पारदर्शक असते की रेघ दिसतच नाही. अशा वेळी डिपस्टिक उन्हाकडे तिरपी धरली की ओला आणि कोरडा भाग वेगळा चमकतो. रेघ दोन्ही खुणांच्या मध्ये कोठेही असली, तरी गाडी चालवण्यास हरकत नाही. माझे मत विचाराल, तर वरच्या खुणेच्या किंचित खाली असलेली पातळी सर्वांत चांगली: उन्हाळ्यातल्या लांबच्या फेरीत थोडे ऑइल कमी झाले तरी पुरेसा साठा राहतो, आणि मोजण्यात थोडी चूक झाली असली, तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

ज्या गाड्यांना डिपस्टिकऐवजी गोल काच असते, त्यांचे काम सोपे असले तरी सरळ उभे करण्याचा नियम तेथे अधिकच कडक पाळावा लागतो, कारण काच इंजिनाच्या अगदी कडेला असते आणि गाडी थोडी जरी कलली, तरी रेघ बरीच हलते. गाडीवर बसून खाली वाकून पाहू नये. एकाने गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्याने काचेच्या समोर, तिच्याच उंचीवर डोळा आणून पाहावे. काचेत रेघच दिसत नसेल, तर काच पूर्ण भरलेली आहे की पूर्ण रिकामी, हा प्रश्न पडतो. अशा वेळी गाडी काचेच्या विरुद्ध बाजूला हळूच कलवावी. ऑइल भरपूर असेल, तर रेघ वरून खाली येताना दिसते. काहीच हलले नाही, तर काचेच्या बाजूला कलवून पाहावे. जुन्या गाड्यांत काच आतून पिवळट होते आणि तो डाग ऑइलसारखा दिसतो, म्हणून हलणारी रेघ दिसेपर्यंत खात्री मानू नये.

ऑइल भरणे आणि जादा झालेले काढणे

भर घालण्यापूर्वी कोणते ऑइल घालायचे ते ठरले पाहिजे. बाटलीवर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ‘१० डब्ल्यू ३०’ किंवा ‘२० डब्ल्यू ४०’ यांसारखा दाटपणाचा दर्जा. यातला डब्ल्यूच्या आधीचा अंक थंडीतल्या वागणुकीचा आहे आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते याचा. सोलापुरात ऊन फार म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा दाट ऑइल घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पुस्तिकेत अशी मुभा तापमानाच्या तक्त्यासह दिलेली असेल, तरच तो मानावा. ज्या इंजिनाच्या वाटा पातळ ऑइलसाठी आखलेल्या आहेत, तेथे दाट ऑइल सकाळी हेडपर्यंत पोहोचायला वेळ घेते. दुसरी गोष्ट म्हणजे जॅसो या जपानी मानकाचे अक्षर. ज्या मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो, तिला ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ लागते. ‘एमबी’ हे ऑइल अधिक घसरडे असते आणि ते ज्यांच्या क्लचला ऑइल लागत नाही अशा गिअरलेस स्कूटरांसाठी असते. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील, तर स्कूटरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतण्याचा मोह टाळावा. मोटारीचे ऑइलही वापरू नये. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो.

भर घालताना ५० मिलीच्या पुढे एका वेळी जाऊ नये. औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे मापाचे झाकण किंवा मोठी सिरिंज या कामाला चांगली. ऑइल दाट असल्याने ते खाली उतरायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा मोजावे. हे कंटाळवाणे वाटते, पण ओतणे सोपे असते आणि काढणे कठीण, हे लक्षात ठेवून तेवढा धीर धरावा.

पूर्ण ऑइल बदलताना मापाचा आणखी एक मुद्दा येतो. पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात: एक इंजिन पूर्ण उघडून जोडल्यानंतर भरायचे माप आणि दुसरा नुसते ऑइल बदलताना भरायचे माप. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टर बदलल्यावरचा तिसरा आकडाही असतो. नट काढून ऑइल सोडले, तरी सगळे ऑइल कधीच बाहेर येत नाही. कोपऱ्यांत, क्लचमध्ये आणि वाटांमध्ये काही उरतेच. म्हणून ज्या इंजिनाचे एकूण माप एक लिटर आहे, त्यात बदलताना ८०० किंवा ९०० मिलीच लागते. एक लिटरची अख्खी बाटली ओतण्यातली चूक येथे आहे. मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून बाटलीतले थोडे ऑइल शिल्लक ठेवायला सांगावे आणि उरलेली बाटली घरी न्यावी. मध्ये कधी भर घालावी लागली, तर तेच ऑइल उपयोगी पडते, आणि वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ होत नाही.

जुने ऑइल सोडताना इंजिन कोमट असावे, गाडी डबल स्टँडवर असावी आणि शेवटचे थेंब पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. नटाचे वायसर दबलेले असेल, तर नवे घालावे. नट आवळताना जोर लावू नये, कारण इंजिनाचे तळकव्हर अॅल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे गेले की दुरुस्तीचा खर्च ऑइलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. नवे ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा १०० मिली कमी ओतून इंजिन तीन मिनिटे चालवावे, म्हणजे फिल्टर आणि वाटा भरतात. मग बंद करून, थांबून, मोजावे आणि उरलेले थोडे थोडे घालत पातळीवर आणावे. याच वेळी एक उपयोगी नोंद करता येते. ऑइल खालच्या खुणेवर आले असताना बाटलीत किती उरले आणि पुढे ते वरच्या खुणेजवळ आले तेव्हा किती उरले, हे पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. दोन खुणांमधल्या अंतरात आपल्या इंजिनाचे किती मिली ऑइल मावते ते यावरून कळते, आणि पुढे प्रत्येक वेळी किती भर घालायची याचा अंदाज करावा लागत नाही.

ऑइल जास्त झालेच असेल, तर खालचा नट सैल करून थोडे सोडण्याच्या भानगडीत पडू नये. गरम ऑइल हातावर येते, नट निसटतो आणि किती गेले हे कळत नाही. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनची नवी नळी आणावी, नळी सिरिंजला घट्ट बसवावी, डिपस्टिकच्या तोंडातून आत सोडावी आणि ऑइल ओढून घ्यावे. सिरिंजवर मापाच्या रेघा असल्याने किती काढले ते नेमके समजते. नळीचे टोक आतल्या फिरत्या भागात अडकू नये म्हणून इंजिन बंद ठेवावे, आणि किक किंवा सेल्फ चुकून लागणार नाही याची काळजी घ्यावी. ब्रीदरमधून ऑइल आधीच एअर फिल्टरमध्ये गेले असेल, तर पातळी दुरुस्त केल्यावर फिल्टरचा डबाही उघडून साफ करावा, नाहीतर गाडी जड ओढण्याची तक्रार तशीच राहते.

काम झाल्यावर डिपस्टिकची रबरी ओ-रिंग जागेवर आहे का ते पाहून टोपण हाताने घट्ट बसवावे. ते सैल राहिले, तर ऑइल उडून उजव्या पायावर आणि बुटावर येते आणि थोड्याच अंतरात पातळी खाली जाते.

पातळीत होणारा बदल काय सांगतो

काही गाड्यांच्या पुस्तिकेत ऑइल ६,००० किलोमीटरला बदलायचे आणि मध्ये ३,००० किलोमीटरला भर घालायची असे वेळापत्रक असते. बदल लांबणीवर असेल, तेव्हा मधली तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. रोज सात रस्ता ते चिंचोळी एमआयडीसी अशी ये-जा करणाऱ्या गाडीची पातळी पंधरा दिवसांतून एकदा पाहिली तर पुरते. जुन्या गाडीची आठवड्यातून एकदा पाहावी. तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मोजणे सोयीचे, कारण सकाळी निघण्याच्या घाईत जागा आणि वेळ दोन्ही नीट साधत नाहीत.

ऑइल थोडे कमी होणे हे चालत्या इंजिनाचे नैसर्गिक लक्षण आहे. मात्र पूर्वीपेक्षा ते वेगाने कमी होऊ लागले, तर आधी गळती शोधावी. गाडीखाली रात्री जुना वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला, तर सकाळी डाग कोठे पडला यावरून गळतीची जागा कळते. बाहेर गळती नसेल, तर ऑइल आत जळत आहे. सकाळी सुरू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्यावा. चालताना अॅक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेला असण्याची शक्यता अधिक.

पातळी आपोआप वाढलेली दिसणे ही त्याहून गंभीर गोष्ट आहे, कारण ऑइल स्वतःहून वाढत नाही. त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले असते. डिपस्टिकचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरल्यावर पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नसल्याने पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरत आहे असे समजावे. अशी गाडी चालवू नये, कारण पेट्रोलने पातळ झालेले ऑइल धातूंना वाचवू शकत नाही. आधी कार्ब्युरेटर दुरुस्त करून घ्यावा आणि ऑइल पूर्ण बदलावे. तोपर्यंत पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा. ऑइल दुधाळ किंवा पिवळसर फेसासारखे दिसले, तर त्यात पाणी गेलेले आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेल्यावर असे होऊ शकते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आतली गॅस्केट गेल्यानेही होते. अशा वेळी इंजिन चालू न करता गाडी ढकलत किंवा टेम्पोत टाकून गॅरेजला न्यावी.

ऑइल नुसते काळे दिसल्याने मात्र घाबरू नये. जळलेला कार्बन आपल्यात सामावून घेणे हे त्याचे कामच आहे, आणि नवे ऑइलही काही शे किलोमीटरमध्ये काळपट होते. बोटांच्या चिमटीत चोळून पाहिल्यावर कण लागले किंवा चकचकीत धातूचा चुरा दिसला, तर मात्र तो गॅरेजमध्ये दाखवावा. बोटे लगेच साबणाने धुवावीत, कारण वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे.

घरी काढलेले जुने ऑइल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नये. पहिल्या पावसात ते नाल्यांतून तलावांकडे आणि विहिरींकडे जाते. दाराच्या खांबांना वाळवीसाठी लावायलाही ते वापरू नये. रिकाम्या झालेल्या ऑइलच्याच बाटलीत ते भरून, झाकण घट्ट लावून, जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. देताना ते किती मिली निघाले हे बाटलीवरच्या रेघांवरून पाहावे आणि मागच्या वेळी भरलेल्या मापाशी ताडून, दोन बदलांच्या मध्ये आपल्या इंजिनाने किती ऑइल खाल्ले त्याची नोंद पुस्तिकेच्या त्याच पानावर करावी.